हेड-टू-हेड बघून टेनिसवर पैजा: आठ महिन्यांचा हिशेब

आधीच सांगतो, मी लेस्टरला राहतो. इथे अठरा पूर्ण असतील आणि कंपनीकडे परवाना असेल तर बेटिंग कायदेशीर आहे. पुण्यातल्या भाच्याने हे वाचून तिकडे उद्योग करू नयेत. भारतात २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झालेत.

पद्धत साधी होती. फक्त टेनिस, मॅचला दोन पाउंड, आणि पैज लावायची ती दोघांचा आपसातला जुना हिशेब, म्हणजेच हेड-टू-हेड, बघून. प्रत्येक पैज वहीत लिहायची. आठ महिन्यांत १३० पैजा झाल्या, २६० पाउंड लावले, २३९ परत आले. बायकोच्या मते यापेक्षा भिशी बरी.

सुरुवातीला मी ३-० असा आकडा दिसला की खूश व्हायचो. मग एका रविवारी कागदावर मांडून पाहिलं. दोन अगदी तोडीस तोड खेळाडू तीनदा भेटले, तर त्यातल्या कुणीतरी एकाने तिन्ही मॅच जिंकण्याची शक्यता २५ टक्के. म्हणजे तोडीस तोड जोड्यांतही चारातल्या एकीचा आकडा नुसत्या नाणेफेकीने ३-० दिसू शकतो. त्या आकड्यावर मी महिनाभर पैसे लावत होतो!

आकडा मोठा असला तरी तो कशाचा बनलाय ते बघावं लागतं. नदाल-फेडरर २४-१६. ऐकायला एकतर्फी वाटतं. फोडून बघा: क्लेवर (मातीच्या कोर्टवर) नदाल १४-२, ग्रासवर (गवतावर) फेडरर ३-१, हार्ड कोर्टवर फेडरर ११-९. चाळीसपैकी सोळा मॅच क्लेवर का झाल्या? कारण फेडरर क्लेवरही फायनलपर्यंत पोचायचा आणि तिथे नदाल बसलेलाच असायचा. उलट नदाल सुरुवातीच्या वर्षांत हार्ड कोर्टवर बऱ्याचदा आधीच बाहेर पडायचा, त्यामुळे तिथे गाठच पडायची नाही. फेडरर क्लेवर कच्चा असता तर हाच हिशेब त्याच्या बाजूने दिसला असता. हे लक्षात आलं त्या दिवशी मी एकूण आकडा बघणं सोडलं. आता आधी कोर्ट बघतो.

आणि तारीख. सिनरविरुद्ध मेदवेदेव पहिल्या सहाच्या सहा मॅच जिंकला होता. २०२३च्या ऑक्टोबरात बीजिंगला सिनरने त्याला हरवलं, पाठोपाठ व्हिएन्ना, ट्युरिन, २०२४ची ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल, मग मायामी. कागदावर तेव्हाही मेदवेदेवच पुढे होता. विशीतल्या पोराचा दोन वर्षांपूर्वीचा पराभव म्हणजे दुसऱ्याच माणसाचा पराभव. वावरिंकाने २०१४च्या ऑस्ट्रेलियन फायनलआधी नदालकडून बारा मॅच हरल्या होत्या, एक सेटसुद्धा जिंकला नव्हता, आणि तीच फायनल जिंकली. त्या दिवशी नदालची पाठ धरली होती हे खरं, पण पाठ हेड-टू-हेडच्या तक्त्यात येत नाही.

सगळ्यात जास्त पैसे मात्र वेगळ्याच चुकीने गेले. जोकोविच मोंफिसविरुद्ध २०-० आहे हे मला ठाऊक, तसं भाव लावणाऱ्यालाही ठाऊक. भाव १.०५ असेल, म्हणजे जिंकल्यावर पाउंडाचे १.०५ परत, तर दोन पाउंडांवर दहा पेनी सुटतात, आणि अशी एक पैज बुडाली की वीस जिंकलेल्या पैजांची कमाई जाते. शिवाय बरोबरीच्या मॅचमध्ये दोन्हीकडे १.९० भाव असला तर भावातून निघणाऱ्या शक्यतांची (एक भागिले भाव) बेरीज १०५ टक्क्यांच्या वर जाते. वरचे पाच दुकानदाराचे. हेड-टू-हेड सगळ्यांना फुकट दिसतं, त्यामुळे ते भावात आधीच मुरलेलं असतं. आपण काय शोधून काढलंय, हा प्रश्न मला पाचव्या महिन्यात पडला.

मग उपयोग कधी झाला? डावखुऱ्याचा सर्व्ह ॲड कोर्टातून (सर्व्ह करणाऱ्याच्या डाव्या अर्ध्या बाजूने) बाहेर वळतो आणि समोरच्याचा एका हाताचा बॅकहँड तिथे अडखळतो, असं काही कारण डोळ्यांना दिसत असेल तेव्हा. त्या पैजा मोजून एकोणीस निघाल्या, आणि तेवढ्याच वहीत फायद्यात आहेत. अर्थात एकोणीस म्हणजे पुन्हा तीच नाणेफेक असू शकते.

एक व्यावहारिक गोष्ट. निरनिराळ्या ठिकाणी हेड-टू-हेड निरनिराळं दिसतं, कारण कुणी चॅलेंजरच्या (खालच्या पातळीच्या स्पर्धांच्या) मॅच धरतं, कुणी नाही. दुखापतीने अर्धवट सोडलेली मॅचही विजय म्हणून जमा होते. पैजेच्या बाबतीत तर प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा: कुठे एक सेट झाला की पैसे मिळतात, कुठे मॅच पुरी झाली नाही तर पैज रद्द. माझा माणूस ६-२, ४-१ पुढे असताना समोरच्याने पाय धरला आणि माझे दोन पाउंड जसेच्या तसे परत आले. नियम मी नंतर वाचला.

खात्यावर महिन्याला दहा पाउंडांची मर्यादा आता घालून ठेवलीय. वहीत हेड-टू-हेडचा रकाना अजून आहे, शेजारी ‘कशामुळे’ असा एक नवीन आखलाय. तो रिकामा राहिला तर त्या मॅचला चहा घेऊन नुसतं बसायचं. गेल्या महिन्यात चारच पैजा झाल्या.