खडकीच्या घरातले हॉकीचे फोटो आणि फ्लॅटबेड स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फेब्रुवारीत फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर फोटो ठेवून करायचा, स्कॅनर घरी आला, आता ऑक्टोबर संपत आलाय. एवढ्या काळात ६४० फोटो, ३१ कात्रणं आणि निगेटिव्हच्या ४० पट्ट्या झाल्या. घेण्याआधी मी बरेच अनुभव वाचले होते, पण बहुतेक सगळे पहिल्या आठवड्यात लिहिलेले. एक पावसाळा काढल्यावर काय होतं, हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वस्तूत कंपनीपेक्षा प्रकार महत्त्वाचा आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

आधी फोटो कसले ते सांगते. आमचं घर पुण्यातल्या खडकीचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत टर्नर होते आणि डिपार्टमेंटच्या टीममध्ये लेफ्ट हाफ. आत्या कॉलेजकडून राइट विंगला खेळायची. दादा गोलकीपर. माझी मुलगी आता नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर टर्फवर सराव करते. खडकीत हे काही विशेष नाही. धनराज पिल्ले याच फॅक्टरीच्या वसाहतीतल्या मातीवर खेळून चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्ड कप खेळला. आमच्याकडे मराठी, तमिळ, तेलुगू, सगळ्या घरांतली पोरं एकाच मैदानावर असायची. प्रत्येक घरात कपाटावर एक पत्र्याची पेटी आणि त्यात टीमचे फोटो. आमच्या पेटीत तीन पिढ्यांचे आहेत.

सुरुवातीला मी पन्नास फोटो एका दुकानात स्कॅन करायला दिले होते. स्कॅन आले ते ३०० डीपीआयचे (म्हणजे इंचाला ३०० ठिपके; आकडा जितका मोठा तितके बारकावे जास्त), कडा कापलेले. एका टीम फोटोत टोकाचा खेळाडू खांद्यापासून अर्धा गायब. तेव्हाच ठरवलं, हे काम घरीच करायचं.

आता प्रकाराबद्दल. स्वस्तातले पातळ स्कॅनर सीआयएस सेन्सरचे असतात. काचेला अगदी चिकटलेलं तेवढंच त्यांना स्पष्ट दिसतं. फोटो जरा वळलेला किंवा अल्बमच्या पानात उचललेला असला की तेवढा भाग पुसट येतो. जुने फोटो तर हमखास वळलेले असतात. सीसीडी सेन्सरवाला जाड, जड आणि महाग असतो, पण त्याला थोडी खोली दिसते. मी साध्याच्या तिप्पट पैसे घालून तो घेतला, आणि एकदाही पश्चात्ताप झाला नाही. आजोबांचा एक फोटो फ्रेमच्या काचेला पक्का चिकटलाय. तो सोडवायला गेलं तर चेहराच काचेवर राहील. काचेसकट स्कॅन केला. थोडी चमक आली, पण आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसतो.

आता तो एक फोटो, ज्याच्यासाठी मी सगळे पैसे पुन्हा घालीन.

मार्च १९७५. क्वालालंपूरला भारतानं पाकिस्तानला २-१ नं हरवून वर्ल्ड कप जिंकला. अशोककुमारच्या त्या गोलची कॉमेंट्री अण्णांनी वसाहतीतल्या एकुलत्या एक मोठ्या रेडिओवर ऐकली. त्याच महिन्यात डिपार्टमेंटच्या टीमनं फोटो काढून घेतला. ब्रोमाइड कागदावरचा, कृष्णधवल, पोस्टकार्डाहून लहान. गडद भागांवर निळसर चांदीसारखी झाक आलेली. जुन्या कृष्णधवल फोटोंना ती येतेच आणि स्कॅनमध्ये उठून दिसते, ती नंतर थोडी कमी करता येते. साधे फोटो मी ६०० डीपीआयला करते, हा १२०० ला केला. लॅपटॉपवर मोठा केला आणि अण्णांना बोलावलं. पन्नास वर्षं हा फोटो घरात आहे, पण त्यांच्या हातातल्या स्टिकवर, उजव्या मुठीच्या खाली, सुतळीचे वेढे आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. प्रिंटमध्ये तिथे नुसती एक काळी रेघ दिसते. अण्णा खुर्चीवर पुढे सरकले. म्हणाले, "ही मोडलेली होती. सरस लावून सुतळी आवळली, वर मेण फासलं. दोन सीझन काढले हिच्यावर." मग बोट स्क्रीनवर ठेवून त्यांनी वेढे मोजले. सात.

त्या संध्याकाळी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करायची. प्रत्येक फोटोची. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते, पेन्सिलनं लिहिलेली नावं असतात. या फोटोमागे नावं होती, पण दुसऱ्या रांगेत दोघांची अदलाबदल झालेली. अण्णांनी ती सुधारली. उभ्या रांगेतला डावीकडून चौथा त्यांनाही आठवेना. प्रिंट काढून आम्ही बाजारात राइट इनला, म्हणजे पुढच्या फळीत, खेळणाऱ्या एका जुन्या खेळाडूकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाहताक्षणी नाव सांगितलं, वर तो कुठल्या सेक्शनला होता तेही. हे काम मात्र स्कॅनरच्या वेगानं होत नाही. एक फोटो अर्ध्या मिनिटात होतो, आणि त्यातली अकरा माणसं ओळखायला कधीकधी महिना लागतो. घरात ऐंशीच्या आसपासचं माणूस असेल, तर आधी टीमचे फोटो स्कॅनला घ्या. लग्नाचे नंतर केले तरी चालतात, त्यातली माणसं बऱ्याच जणांना ओळखता येतात.

चिकट पानांच्या अल्बमबद्दल कळकळीनं सांगते. ऐंशीच्या दशकात प्रत्येक घरात ते आले, वर प्लास्टिक आणि खाली डिंकाचे पट्टे. तो डिंक आता पिवळा पडून दगड झालाय. आत्याचा आंतरविद्यापीठ स्पर्धेतला एक फोटो मी घाईनं ओढला आणि कोपरा फाटला, नेमका स्टिकचा. आत्या काही बोलली नाही, पण तुकडा तिनं उचलून पाकिटात ठेवला. त्यानंतर मी दात साफ करायचा दोरा वापरते. फोटोखाली सारून करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करायचा. तरी निघत नसेल तर सोडून द्यायचं आणि अख्खं पान प्लास्टिक उलटून काचेवर ठेवायचं. सीसीडी आहे म्हणून हे जमतं. त्याच काळातल्या खरखरीत, जाळीदार कागदावरच्या रंगीत प्रिंट मात्र या यंत्राला अवघड जातात. ती जाळी पांढरे ठिपके होऊन येते. फोटो काचेवर एकदा सरळ आणि एकदा वरची बाजू खाली अशी फिरवून दोनदा स्कॅन करून दोन्ही एकत्र करतात, पण ते कष्ट मी मोजक्या दहाबारा फोटोंसाठीच घेतले.

कात्रणं आत्याची. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये महिला हॉकी पहिल्यांदाच आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं, कॅप्टन आपल्या पुण्याची एलिझा नेल्सन. आत्यानं त्या आठवड्यातला एकही कागद रद्दीत जाऊ दिला नव्हता. वर्तमानपत्र स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवा, नाहीतर पलीकडची जाहिरात आरपार दिसते. आणि सेटिंगमध्ये 'डीस्क्रीन' चालू करा, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी उठत नाही.

दादानं डिसेंबर १९९८ मध्ये टीव्हीचाच फोटो काढला होता : बँकॉक एशियाड, कोरियाविरुद्धची फायनल, पेनल्टी स्ट्रोक, पुरुषांच्या हॉकीत ३२ वर्षांनी सुवर्ण. जुन्या टीव्हीचा फोटो काढला की येतो तसा मधोमध काळा पट्टा आहे. तो पट्टा पुसून देतो, असं भाचा म्हणाला. दादानं नाही म्हटलं.

निगेटिव्हची सोय आहे म्हणून मी हे मॉडेल घेतलं, आणि तिथे समाधान निम्मं आहे. रंगीत निगेटिव्हवरची धूळ आणि ओरखडे इन्फ्रारेडनं ओळखून काढायची सोय उत्तम चालते. पण कृष्णधवल निगेटिव्हला ती बंद ठेवावी लागते. त्यातल्या चांदीतून इन्फ्रारेड जात नाही, त्यामुळे यंत्राला खुद्द चित्रच धूळ वाटतं. पट्टी धरायचा प्लास्टिकचा होल्डर तकलादू आहे, एक खिट्टी जूनमध्येच तुटली. सर्व्हिस सेंटरनं सुटा भाग मिळत नाही म्हणून हात वर केले. रबर बँड लावून काम चालू आहे.

पावसाळ्यात जुलैच्या अखेरीस काचेच्या आतल्या बाजूनं धुकं धरल्यासारखं झालं. ती काच आपल्याला उघडता येत नाही. यंत्र झाकून, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून आठवडाभरानं गेलं. आता पुड्या कायम असतात. निगेटिव्हची पेटीही लोखंडी कपाटातून काढून कोरड्या डब्यात हलवली. चार पट्ट्यांवर बुरशीची नक्षी आधीच उमटली होती.

सॉफ्टवेअर साधं आहे, शिकायला एक दुपार पुरते. एक गोष्ट मात्र लगेच करा. फाइलला स्कॅनची तारीख लागते, त्यामुळे मोबाइलमध्ये १९७५ चा फोटो कालच्या जेवणाच्या फोटोशेजारी जाऊन बसतो. तारीख हातानं बदला आणि फाइलच्या नावात वर्ष घाला. मूळ फाइल टिफमध्ये (मोठी, पण बारकावे न गमावणारी) ठेवा, घरच्या ग्रुपवर जेपेग (लहान फाइल) पाठवा. दोन हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आमची दुसरी आत्याकडे असते.

शंभरेक सुटे फोटो असतील तर एवढं यंत्र घेऊ नका, कुणाचं तरी आठवडाभर मागून आणा. पेटीभर असतील, त्यात अल्बम आणि निगेटिव्ह असतील, तर सीसीडीवालाच घ्या आणि होल्डर जपून हाताळा.

मागच्या रविवारी मुलीच्या टीमचा या वर्षीचा फोटो प्रिंट होऊन आला. अण्णांनी तो उलटा केला आणि पेन्सिल मागितली. हल्लीचा कागद मागून गुळगुळीत, पेन्सिल उमटेना. मग त्यांनी मार्कर घेतला, मुलीला शेजारी बसवलं आणि डावीकडून उजवीकडे, एकेक नाव विचारून, अठराही मुलींची नावं लिहिली. शाई सुकेपर्यंत फोटो हातातच धरून बसले होते.