बाहेर नवा जेलकोट, आत तेच कुजके लाकूड

सुमारे ९ मीटर लांबीची, केबिन क्रूझर प्रकारातली माझी मोटरबोट मी दुरुस्ती आणि काही सुधारणांसाठी एका कंत्राटदाराच्या ताब्यात दिली होती. त्याने ठरलेली सगळी रक्कम घेतली, प्रत्येक काम पूर्ण झाल्याचे बिलात लिहून दिले आणि त्यातले एकही महत्त्वाचे काम धड केले नाही. पैसे गेले याचे दुःख आहेच. परंतु त्याने जे करून ठेवले होते त्यातल्या काही गोष्टी बोटीवरच्या माणसांच्या जिवावर बेतू शकल्या असत्या आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचा मागमूसही लागत नव्हता. म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. पेट्रोल इंजिन आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागच्या भिंतीबाहेर, अशी रचना) असलेली जुनी बोट ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लेखन विशेषकरून आहे.

सर्वांत मोठे काम ट्रान्समचे होते. ट्रान्सम म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाची उभी भिंत. बहुतेक जुन्या फायबरग्लास बोटींमध्ये या भिंतीच्या दोन्ही अंगांना फायबरग्लासचे थर असतात आणि मधोमध प्लायवूडचा गाभा असतो. स्टर्नड्राइव्ह बोटीत ड्राइव्हचा सगळा भार या भिंतीवर येतो, इंजिनाचा मागचा आधारही तिच्यावरच असतो, आणि ड्राइव्हसाठी तिच्यात कापलेले मोठे भोक बरेचसे पाण्याच्या पातळीखाली असते. ट्रिम टॅबचे (बोटीचा तोल सावरणाऱ्या मागच्या पट्ट्यांचे) स्क्रू, पोहण्याच्या फळीचे बोल्ट, निचऱ्याचे छिद्र, अशा एखाद्या जागचे सील सुटले की पाणी प्लायवूडमध्ये मुरते आणि वरून सगळे ठणठणीत दिसत असताना आतला गाभा वर्षानुवर्षे कुजत राहतो.

कंत्राटदाराने केलेले निदान अचूक होते, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. त्याने माझ्यासमोर प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम वाजवून दाखवला. वरच्या भागात टणक, खणखणीत आवाज येत होता आणि खालच्या कोपऱ्यांत बद्द. ट्रिम टॅबचा एक स्क्रू काढून त्याच्या आट्यांत अडकलेले ओले, काळपट लाकूडही त्याने माझ्या तळहातावर ठेवले. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारे भाग, खाऱ्या पाण्याने आतून खाल्ले गेले असणार, तळाशी बसवलेल्या झडपा बदलायला हव्यात, वायरिंग धोकादायक झाले आहे, हे त्याचे म्हणणेही तंतोतंत खरे होते. दुसऱ्या जाणकाराला विचारले असते तर त्यानेही हेच सांगितले असते. अशा माणसाची लबाडी ओळखणे फार कठीण जाते, कारण तो रोगाबद्दल खोटे बोलतच नाही. खोटे असते ते फक्त उपचारात, आणि उपचार झाकलेल्या जागी होणार असतात.

ट्रान्समची खरी दुरुस्ती कशी होते हे माहीत असले की पुढची फसवणूक समजेल. ड्राइव्ह उतरवावा लागतो, इंजिन उचलून बाहेर काढावे लागते, आतल्या बाजूचा फायबरग्लासचा थर कापून कुजलेले लाकूड पूर्ण खरवडून काढावे लागते. उरलेला बाहेरचा थर कोरडा होऊ द्यावा लागतो, घासावा लागतो, आणि मग चांगल्या प्रतीचे मरीन प्लायवूड इपॉक्सीत बसवून वर काचकापड आणि राळेचे नवे थर चढवावे लागतात. हे काम वेळखाऊ, धुळीचे आणि महागडे असते. बिलात या प्रत्येक पायरीचे पैसे लावलेले होते. प्रत्यक्षात त्याने ओल्या भागात ड्रिलने भोके पाडली, त्यांत पॉलिएस्टर राळ ओतली, वर काचकापडाचा एक पातळ थर दिला आणि बाहेरून देखणा जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत रंगीत थर, मारला. ओल्या लाकडाला राळ धरत नाही. भोकांत राळेचे कडक खुंट तयार झाले, त्यांच्या भोवतीचे लाकूड जसेच्या तसे कुजत राहिले, आणि ओलावा बाहेर पडायच्या उरल्यासुरल्या वाटाही बंद झाल्या. ट्रान्सममध्ये ओतून भरण्याची खास संयुगे मिळतात हे खरे आहे, पण तीसुद्धा आतला गाभा पूर्ण काढल्यानंतरच वापरायची असतात.

काम चालू असताना तो मला फोटो पाठवत असे. उघडलेला ट्रान्सम, रिकामी इंजिनाची जागा, नवे पिवळसर प्लायवूड, सगळे व्यवस्थित दिसत होते. पुढे संशय आल्यावर तेच फोटो मोठे करून पाहिले तेव्हा निचऱ्याचे छिद्र बरोबर मध्यभागी दिसले. माझ्या बोटीत ते छिद्र मध्यापासून एका बाजूला आहे. ते फोटो दुसऱ्याच बोटीचे होते.

संशयाला कारण घडले ते बोट पुन्हा पाण्याबाहेर काढली तेव्हा. ट्रिम टॅबच्या एका स्क्रूखालून तांबूस-तपकिरी पाण्याची बारीक धार नव्या जेलकोटवरून ओघळत होती. नव्या, कोरड्या गाभ्यातून असे पाणी येण्याचे काहीच कारण नव्हते. मी कंत्राटदाराशी कसलाही संबंध नसलेला सर्व्हेअर, म्हणजे बोटींची तपासणी करणारा तज्ज्ञ, नेमला. त्याने आधी ओलावामापक लावला, पण त्यावरच निष्कर्ष काढला नाही. तांबेयुक्त रंगासारख्या काही रंगांवर तो मापक चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून एकट्या मापकावर कोणी निर्वाळा देऊ नये आणि कोणी घेऊही नये. मग त्याने माझ्या लेखी संमतीने आतल्या बाजूने एक लहान भोक पाडले. ड्रिलच्या पात्यावर आधी पांढरी राळेची भुकटी आली आणि लगेच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा काळा लगदा. तो बोटांत दाबला तर पाणी निथळत होते आणि आंबूस वास येत होता.

त्यानंतर सर्व्हेअरने संपूर्ण इंजिनखण तपासला. इंजिन बाहेर काढल्याचे पैसे मी दिले होते, परंतु आधाराच्या नटांवरचा जुना गंज नटापासून बैठकीपर्यंत सलग होता. तो कुठेही तुटलेला नव्हता, म्हणजे ते नट फिरलेच नव्हते. मॅनिफोल्ड आणि रायझर (मॅनिफोल्डला जोडलेला, धूर पुढे नेणारा भाग) नवे बसवल्याचा दावाही त्याने असाच काही क्षणांत निकालात काढला. दोन्ही भाग नव्या रंगाने चकाकत होते, पण त्यांना जोडलेल्या रबरी नळ्यांच्या कडांवर त्याच रंगाचे बारीक तुषार उडालेले होते आणि क्लॅम्पच्या स्क्रूच्या खाचेत रंग भरून वाळलेला होता. नवा भाग बसवायचा तर तो क्लॅम्प सैल करून पुन्हा आवळावाच लागतो, आणि पेचकस लागला की खाचेतला रंग उडतो. जुनेच भाग जागेवर ठेवून त्यांवर रंगाचा फवारा मारला होता, हे यावरून उघड झाले.

मॅनिफोल्डचा प्रश्न फक्त रंगरंगोटीचा नाही. समुद्राचे पाणी थेट ज्यांतून फिरते असे बिडाचे मॅनिफोल्ड आणि रायझर आतून गंजत जातात, आणि खाऱ्या पाण्यात वापरलेल्या बोटीत ते ठरावीक वर्षांनी बदलावेच लागतात. साधारण ५-६ वर्षांनी ते उघडून पाहणे किंवा बदलणे हा अनेक मेकॅनिकांचा नेम आहे. आतली भिंत फुटली की पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सुरू करायला गेल्यावर पिस्टन अडकतो, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि एका भागाच्या किमतीसाठी अख्खे इंजिन निकामी होते. माझे रायझर उतरवले तेव्हा आतून गंजाचे पापुद्रे पडत होते आणि एका ठिकाणी भिंत इतकी पातळ झाली होती की स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती सहज फुटली.

याहूनही गंभीर गोष्ट अल्टरनेटरची होती. कंत्राटदाराने जुना मरीन अल्टरनेटर काढून नेला आणि त्या जागी मोटारगाडीचा अल्टरनेटर बसवला. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, बोल्टही त्याच जागी बसतात, चार्जिंगही बरोबर होते. फरक आत आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गळती झाली तर ती वर उडून न जाता बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. गाडीचे इंजिन उघड्या हवेत चालते, बोटीचे बंद खणात. म्हणून पेट्रोलच्या बोटीतले अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांसारखे विजेचे भाग बाहेरची वाफ पेटवणार नाहीत अशा रचनेचे असावे लागतात. अशा भागांवर एसएई जे-११७१ किंवा आयएसओ ८८४६ या मानकांचा उल्लेख सापडतो. माझ्या इंजिनावरच्या अल्टरनेटरवर असा कोणताही उल्लेख नव्हता. इंजिन सुरू करण्यापूर्वी किमान ४ मिनिटे ब्लोअर (इंजिनखणातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवण्याचा नियम आम्ही काटेकोर पाळत होतो, परंतु चालू इंजिनाच्या शेजारी एखादी इंधननळी झिरपली असती तर त्या नियमाने आम्हांला वाचवले नसते. त्या बोटीच्या केबिनमध्ये माझ्या घरची मुले झोपली आहेत. या एका गोष्टीसाठी त्या माणसाला मी क्षमा करू शकत नाही.

तळाच्या झडपांचेही तसेच. बिलात कांस्याच्या सीकॉक झडपा, म्हणजे बोटीच्या तळातली पाण्याची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपा, होत्या. प्रत्यक्षात घरगुती नळकामाला वापरतात त्या साध्या पितळी झडपा निघाल्या. साध्या पितळात जस्ताचे प्रमाण मोठे असते, खारे पाणी ते जस्त हळूहळू शोषून नेते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. सर्व्हेअरने चाकूच्या टोकाने एका झडपेवर ओरखडा काढला तेव्हा पिवळ्या धातूऐवजी तो गुलाबी रंग दिसला. अशी झडप एखाद्या धक्क्याने मुळापासून तुटते, आणि पाण्याखाली अर्ध्या मीटरवर ३८ मिलिमीटरचे भोक उघडे पडले तर मिनिटाला शंभराहून अधिक लिटर पाणी आत येते. वायरिंगबद्दल थोडक्यात सांगतो. कथिलाचा मुलामा असलेल्या मरीन वायरीचे पैसे घेऊन साध्या तांब्याची वायर टाकली होती, आणि सांधे पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली होती. ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हवर तांबेयुक्त अँटीफाउलिंग रंग (शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो) मारला होता, ज्याने तो धातू उलट लवकर खाल्ला जातो.

सर्व्हेअरचा लेखी अहवाल आणि फोटो समोर ठेवल्यावर कंत्राटदाराने आधी कामगारांवर ढकलले, नंतर पुरवठादारावर. जुने काढलेले भाग दाखव म्हटल्यावर ते भंगारात गेले असे उत्तर आले. शेवटी मॅनिफोल्ड, अल्टरनेटर आणि झडपांचे पैसे त्याने परत केले, कारण ते भाग बिलात वेगवेगळ्या ओळींत, नावानिशी लिहिलेले होते. ट्रान्समचे मात्र काही परत मिळाले नाही. बिलात त्याच्या पायऱ्या होत्या, पण कोणते प्लायवूड, कोणती राळ, किती थर, यांतले काहीच नव्हते, आणि आपण केले ती एक मान्य पद्धत आहे असा त्याचा पवित्रा होता.

दुसऱ्या ठिकाणी काम करून घेताना मी करारात काही अटी घातल्या आणि त्या प्रामाणिक कारागिराने त्या खळखळ न करता मान्य केल्या. कोणताही भाग बंद करण्यापूर्वी, म्हणजे नवा थर चढवण्यापूर्वी किंवा इंजिन परत बसवण्यापूर्वी, मी आणि माझा सर्व्हेअर तो प्रत्यक्ष पाहणार, आणि त्यानंतरच पुढचा हप्ता. फोटोत बोटीचा हल ओळख क्रमांक किंवा एखादी ठळक खूण दिसलीच पाहिजे. काढलेला प्रत्येक जुना भाग माझ्या ताब्यात परत, आणि काम सुरू होण्यापूर्वी त्या भागांवर मी न दिसेल अशा जागी खूण करून ठेवलेली. साहित्याचे मूळ डबे आणि वेष्टने हिशेब होईपर्यंत फेकायची नाहीत. या माणसाने पहिल्या दिवशी काढलेल्या गाभ्याचे तुकडे पोत्यात भरून ठेवले होते आणि मी जाताच ते ओतून दाखवले.

ज्यांच्या पेट्रोल बोटीच्या इंजिनाचे विजेचे काम अलीकडे कोणी केले असेल, त्यांनी बोट पुन्हा पाण्यात नेण्याआधी इंजिनखणाचे झाकण उघडून अल्टरनेटर आणि स्टार्टरवरची पट्टी वाचावी. त्यावर वर दिलेल्या मानकाचा उल्लेख नसेल, तर जाणकाराने तो भाग तपासेपर्यंत ते इंजिन सुरू करू नये.