खिडक्यांच्या जाळ्या: एका उन्हाळ्यानंतरचा अभिप्राय

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नागपुरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला जाळ्या बसवून घेतल्या. पाच खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीतली सरकती जाळी आणि गॅलरीच्या दाराला घडीची जाळी. आता जून संपत आला आहे, नवतपा आणि पहिला पाऊस दोन्ही होऊन गेले आहेत, आणि या चार महिन्यांत घराच्या आत-बाहेर जे किडे आणि कोळी भेटले, त्यांच्यामुळे जाळीविषयीचे माझे मत पूर्णपणे बदलले आहे. म्हणून बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहायचे टाळून हा अभिप्राय उन्हाळा संपल्यावर लिहीत आहे.

दुकानात सगळी चर्चा विणीभोवती फिरते. दुकानदार फायबरग्लासचा, पॉलिस्टरचा आणि स्टीलचा असे नमुन्याचे तुकडे हातात देतो आणि आपण ते उजेडाकडे धरून छिद्रे पाहत बसतो. नेहमी मिळणारी जाळी इंचाला १८ आणि १६ धाग्यांची असते, म्हणजे एका चौरस इंचात २८८ छिद्रे. झोपायच्या मच्छरदाणीला साधारण १५६ छिद्रे पुरतात, हे लक्षात घेतले तर डासासाठी ही वीण गरजेपेक्षा जास्तच बारीक आहे. आम्ही फायबरग्लासची करड्या रंगाची जाळी घेतली. तिच्या विणीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चार महिन्यांत एकही धागा सरकलेला नाही, आणि पश्चिमेच्या खिडकीला दुपारभर ऊन लागूनही ती कडक झालेली नाही. मात्र जाळीचे काम विणीवर कमी आणि तिच्या कडांवर जास्त अवलंबून असते, हे दुकानात कोणीही सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

याची पहिली जाणीव बसवल्याच्या चौथ्या रात्री झाली. पडदा सरकवल्यावर भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसला. आमच्या घरात याआधी तो कधी दिसला नव्हता, म्हणून प्रथम वाटले की जाळीला कुठेतरी भोक राहिले आहे. प्रत्यक्षात तो बहुधा आधीपासूनच घरात राहत होता, रात्री खिडकीतून ये-जा करत होता, आणि आम्ही त्याचा रस्ता बंद केला होता. हेटेरोपोडा वेनाटोरिया हे त्याचे शास्त्रीय नाव. हा कोळी जाळे विणत नाही, भिंतीवर दबा धरून धावत जाऊन शिकार करतो, आणि झुरळ हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. आकारामुळे भीती वाटते, पण माणसाला त्याच्यापासून धोका नाही; फार दाबला गेला तर चावतो आणि ती जागा दुखते, इतकेच. आमची मादी होती आणि तिने पोटाखाली रुपयाच्या नाण्यासारखी चपटी, पांढरट अंड्यांची पिशवी धरली होती. आई म्हणाली, “लेकुरवाळी आहे, मारू नकोस.” मी स्टीलचा मोठा डबा तिच्यावर अलगद धरला, टेबलावर पडलेली एक जाड लग्नपत्रिका खालून सरकवली आणि तिला जिन्याखालच्या मीटरच्या कोपऱ्यात सोडून आलो. जाळी बसवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की पहिले आठ दिवस रात्री पडद्यामागे आणि कपाटांच्या वर एकदा पाहावे, कारण जाळी बाहेरच्यांना अडवते त्याच वेळी आतल्यांना कोंडते.

यानंतरची भेट मात्र कामात अडथळा आणणारी ठरली. एप्रिलच्या मध्यावर स्वयंपाकघराची जाळी सरकेनाशी झाली. कारागिराला फोन करण्याआधी मी खालची खाच टॉर्चने पाहिली, तर पाणी निघून जाण्यासाठी चौकटीला पाडलेली छिद्रे आणि खाचेचा एक कोपरा ओल्या मातीने लिंपलेला होता. हे काम कुंभारिणीचे होते. काळी-पिवळी, बारीक कमरेची ही माशी एकटी राहते, आग्या मोहोळासारखी पोळी करत नाही, आणि आपण तिला हातात धरले नाही तर डंख मारत नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तिला ओली माती कुठून मिळाली, हा प्रश्न मला दिवसभर पडला होता. उत्तर आमच्याच गॅलरीत होते. कूलरमधून ठिबकणारे पाणी खालच्या कुंडीत पडत होते, आणि ती त्या कुंडीतल्या मातीच्या गोळ्या एकेक करून खिडकीपर्यंत नेत होती.

खाच मोकळी करणे भाग होते, म्हणून मी चाकूच्या टोकाने ते घरटे उचलले. एक कोश फुटला आणि त्यातून अकरा लहान कोळी खाली पडले. ते मेलेले नव्हते. कुंभारीण कोळ्याला डंख मारून लुळा करते, असे दहा-पंधरा कोळी एका कोशात भरते, त्यांच्यावर एक अंडे घालते आणि तोंड मातीने बंद करते, म्हणजे अळीला बाहेर पडेपर्यंत ताजे अन्न मिळते. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट आपल्या ओट्यावर, पोळपाटाशेजारी पडलेली पाहणे वेगळे असते. त्या कोळ्यांपैकी एकाचा पाय हलत होता. मी बराच वेळ तिथे उभा होतो. उरलेले दोन कोश न फोडता गॅलरीच्या छताच्या कोपऱ्यात ठेवले. मेच्या अखेरीस त्यांपैकी एकाला गोल भोक पडलेले दिसले, म्हणजे आतली माशी बाहेर पडली होती.

सरकत्या जाळीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मार्च ते जून या काळात खालची खाच आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने साफ करणे आवश्यक आहे. ज्या खिडक्या आम्ही रोज उघडतो तिथे एकही घरटे झाले नाही. ज्या महिना-महिना बंद राहतात तिथेच झाले. घडीच्या जाळीला हा त्रास नाही, पण तिच्या घड्यांमध्ये धूळ इतकी साचते, आणि कोरड्या कपड्याने ती इतकी वाईट निघते, की पुन्हा निवड करायची झाली तर गॅलरीलाही मी सरकतीच जाळी लावेन.

डासांबद्दल आता. जाळी मुख्यतः त्यांच्यासाठीच घेतली जाते, आणि संध्याकाळी येणारे डास खरोखरच थांबले. तरीही मेमध्ये भर दुपारी, पायाशी, पांढऱ्या पट्ट्यांचे डास चावू लागले. आम्ही दोन दिवस जाळीच्या चौकटी तपासत होतो आणि डास मात्र कूलरच्या टाकीत तयार होत होते. विदर्भात कूलर ही चैनीची वस्तू नाही, त्याच्याशिवाय मेचे दिवस निघत नाहीत. आणि तो खिडकीतच बसवलेला असल्यामुळे जाळीच्या सगळ्या व्यवस्थेला बगल देऊन घरात उघडणारा तो एक दरवाजाच असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटवलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून गेल्या वर्षी माळ्यावर ठेवलेला कूलर मार्चमध्ये नुसता पाण्याने भरून सुरू करणे ही चूक आहे. आम्ही ती केली. आता दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून भिंती काथ्याने घासतो आणि वाळ्याच्या ताट्या उन्हात ठेवतो. दोन आठवड्यांत दुपारचे डास बंद झाले. कूलर आणि खिडकीची चौकट यांच्यामधली बोटभर फट आम्ही फोमची पट्टी लावून बुजवली. हे काम जाळीवाल्याने आपणहून करायला हवे होते. मोजमाप घेताना कूलर तिथेच होता.

कूलरमुळे आणखी एक अडचण येते, ती हवेची. कूलर चालण्यासाठी समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो. नवी जाळी हवा फारशी अडवत नाही, पण वावटळीच्या दिवसांत तिच्यावर धुळीचा थर बसतो आणि पंधरा दिवसांत फरक जाणवू लागतो. आमची जाळी चौकटीसह उचलून बाहेर काढता येते, ही तिची सर्वांत मोठी सोय आहे. न्हाणीघरात साबणाच्या पाण्याने धुतली की ती पुन्हा पूर्ववत होते. खिळे ठोकून कायमची बसवलेली जाळी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये.

तळमजल्यावर किंवा गोठ्याजवळ राहणाऱ्यांना मात्र या विणीवर विसंबता येणार नाही. वाळूमाशी डासाच्या जेमतेम एक-तृतीयांश आकाराची असते आणि अशा जाळीतून ती आत येऊ शकते. नागपूरकरांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण लहान मुलांना मेंदूज्वर देणारा आणि वाळूमाशीमार्फत पसरणारा विषाणू १९६५ साली आपल्याच भागात प्रथम सापडला आणि चांदीपुरा या इथल्याच वस्तीचे नाव त्याला मिळाले. तिथे जास्त बारीक जाळी हवी, आणि त्याहून आधी भिंतींच्या भेगा लिंपायला हव्यात, कारण ही माशी भेगांतच दडते आणि तिथल्या ओलसर मातीत वाढते.

मुंग्या कोणत्याही जाळीला जुमानत नाहीत. आंब्यांबरोबर येणारी चिलटेही नाहीत, कारण त्यांची अंडी बहुतेक वेळा फळांवरूनच घरात येतात. याचा दोष जाळीला देणे योग्य नाही.

जाळीने जे सुख दिले तेही सांगायला हवे. पूर्वी मे-जूनमध्ये आम्ही रात्रीची जेवणे अर्ध्या उजेडात करत असू, कारण ट्यूब लावली की वरणात किडे पडत. या वर्षी दिवे लावून, खिडक्या उघड्या ठेवून जेवलो. बाहेरच्या बाजूने जाळीवर पतंग आणि हिरवे तुडतुडे येऊन बसत, आणि रोज साधारण त्याच वेळी एक लहानसा उड्या मारणारा कोळी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरे. त्याचे पुढचे दोन मोठे डोळे दिव्याच्या उजेडात चमकत. तो किड्याच्या दिशेने वळे, थांबे, दोन पावले पुढे जाई, पुन्हा थांबे, आणि मग झेप घेई. झेपेआधी धाग्याचे एक टोक जाळीला चिकटवून ठेवलेले असे, त्यामुळे नेम चुकला तरी तो खाली पडत नसे. माझी सात वर्षांची भाची ताट घेऊन खिडकीशीच जेवायला बसू लागली. कोळी दिसला की किंचाळणारी ती मुलगी आता “आज तो आला नाही का?” असे विचारते. इतक्या जवळून आणि निर्धास्तपणे हे पाहता आले ते त्या करड्या जाळीमुळेच.

खरी परीक्षा पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री झाली. वाळवीला पंख फुटून ती हजारोंनी बाहेर पडली आणि उजेडाकडे आली. आजी असती तर तिने दिवे मालवून अंगणात कंदील आणि त्याखाली पाण्याची परात ठेवली असती. आम्ही जाळीच्या भरवशावर दिवे चालू ठेवले. चार खिडक्या आणि गॅलरी शाबूत राहिली, बाहेरच्या कट्ट्यावर सकाळी पंखांचा थर होता. पाचव्या, बैठकीच्या खिडकीतून मात्र किडे आत येत राहिले, आणि तासाभरात फरशीवर पंखच पंख झाले. दुसऱ्या दिवशी उजेडात कारण दिसले: त्या खिडकीच्या दोन सरकत्या चौकटी जिथे एकमेकींवर येतात, तिथली ब्रशपट्टी बसवायचीच राहिली होती. वीण उत्तम, चौकट सरळ, आणि मधे वरपासून खालपर्यंत तीन-चार मिलिमीटरची उघडी फट. कारागीर तिसऱ्या फोननंतर, नऊ दिवसांनी आला. पट्टी बसवायला त्याला दहा मिनिटे लागली आणि त्याने पैसे घेतले नाहीत, पण नऊ दिवस बैठकीची खिडकी बंद ठेवून आम्ही उकाड्यात बसलो होतो.

एकंदरीत मी या जाळ्यांना पाचपैकी साडेतीन गुण देईन: जाळी आणि चौकटीला पूर्ण, बसवण्याच्या कामाला निम्मे. ज्यांना बसवून घ्यायच्या आहेत त्यांनी कारागीर जाण्याआधी खोलीतला दिवा मालवावा, दिवसा खिडकी बंद करून कडांमधून उजेडाची रेघ दिसते का ते पाहावे, प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवून ब्रशपट्टी आहे याची खात्री करावी, आणि मगच उरलेले पैसे द्यावेत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची बाहेरची खाच पावसामुळे आता धुऊन निघाली आहे. कूलर उतरवला आहे, कुंडीत माती तशीच ठेवली आहे, आणि कुंभारीण अजून अधूनमधून तिथे येते.