जाम नसलेल्या पिस्टनचे 11,500 रुपये

तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून लोकांना "सही करण्याआधी वाचा" म्हणत आलो आणि निवृत्तीनंतर एका मेस्त्रीने मला 29,500 रुपयांना धुतलं, तेही बिलाशिवाय. बायको म्हणते, गप्प राहा, गावात हसं होईल. ते झालंच आहे.

होडीला मागे लावायची मोटर बाबांची. यामाहा, 15 एचपी, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. बाबा 2016 साली गेले, तेव्हापासून खोपीत गोणपाटाखाली पडून होती. गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेवढ्या दिवसांत दुरुस्त करून घ्यावी आणि चतुर्थीआधी मुलाला घेऊन नदीत काळुंद्र माशांना गळ टाकावा, एवढाच बेत होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका ओळखीच्याने नंबर दिला. मेस्त्री घरी आला, 6,000 रोख आगाऊ घेतले आणि मोटर टेम्पोत घालून नेली. मोटर होडीला अडकवतात त्या क्लॅम्पवरच्या नंबरचा फोटोसुद्धा मी काढला नाही. तुम्ही काढा.

चौथ्या दिवशी फोन आला. "पिस्टन जाम, सायबा. बोअर मारूंक जाय." म्हणजे सिलिंडर आतून घासून रुंद करायचा. मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर चरे पडलेल्या काळ्याकुट्ट पिस्टनचा फोटो. मी 11,500 पाठवले. आता खुशाल हसा: आदल्या रविवारी मी स्वतः त्या मोटरची दोरी ओढून पाहिली होती. सरळ सुटली होती, दाबही हाताला लागत होता. इंजीन जाम असेल तर दोरी हलत नाही, हे होडीवरच्या पोरालाही कळतं. पण तो बोलत होता असा की जणू आयसीयूच्या बाहेरून घरच्या माणसाची खबर देतोय. अशा वेळी उलट प्रश्न विचारायचे असतात हे सुचत नाही हो.

मग सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, "जळला". 7,800. बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं तर वर अठरा टक्के जीएसटी, "तुमकां कित्याक भार?" कर वाचला म्हणून मीही मनात खूश. हे लिहिताना कान तापलेत.

मोटर परत आली त्या दिवसाचं तर काय सांगू. अंगणात पिंपात पाणी भरलं, तिसऱ्या झटक्याला धूर सोडत सुरू झाली, शेजारी गोळा झाले. नंतर वरचं कव्हर उघडं होतं म्हणून मी फडकं घेऊन सिलिंडर हेड पुसलं. बोल्टांवर कंपनीचा रंग जसाच्या तसा, फटींत पांढरं मीठ घट्ट बसलेलं. बोअर मारायला हेड काढावंच लागतं आणि पाना लागला की बोल्टाचा जुना रंग तडकतोच. ते सगळे बोल्ट मी एकेक करून पुसले. चांगले चमकतात म्हणालो! मेस्त्रीने मान डोलावली.

इंजीन थंड करणारं पाणी फिरतंय हे दाखवणारी पाण्याची शीरही (धार) मागच्या भोकातून सुटत नव्हती. बाबा ओरडायचे, "शीर सुटली काय पळय, मागीर गॅस दी," म्हणजे आधी धार बघ, मग गॅस दे. हा मेस्त्री म्हणाला, मीठ अडकलंय, नदीत धुऊन निघेल. मी 4,200 मजुरी हातावर ठेवली, वर चहा पाजला.

नदीत तिसऱ्या फेरीला, वीस मिनिटांत खडखड झाली आणि मोटर बंद. मुलगा आणि मी वल्हवत घरी आलो. आता दोरी खरंच हलेना.

मालीम जेटीवरच्या एका वयस्क मेस्त्रीने ती उघडली. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर जुनाच, पाकळ्या एका बाजूला वाकून लाकडासारख्या कडक झालेल्या, दोन तुटलेल्या. इंजीन थंड करणारं पाणीच वर चढलं नाही. सीडीआय तोच, फक्त वर नवीन स्टिकर. फोटोतला पिस्टन बघून तो हसला: "हो स्कूटराचो." म्हणजे जाम नसलेल्या पिस्टनचे पैसे घेतले आणि हजाराच्या आतला रबराचा तुकडा न बदलून तो जाम करून दिला. या वयस्क मेस्त्रीच्या मते आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, हाताने फिरवायचं, कार्बोरेटर धुवायचा, इम्पेलर आणि गिअर ऑईल बदलायचं. एवढ्यावर भागलं असतं. काढलेला पार्ट त्याच दिवशी हातात मागा. फोटो नको, पार्ट.

पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर. मग "हें सिव्हिल मॅटर, कोर्टांत वच." खोटा पिस्टन दाखवून पैसे काढले, ही फसवणूक नाही? मी न्याय संहितेचं कलम 318, जुनं 420, असं म्हटलं तर हवालदार म्हणाला, आमकां शिकवं नाकात. दुसऱ्या खेपेला, दुकान आमच्या हद्दीत नाही. त्या हद्दीत गेलो तर पैसे तुमच्या घरी दिलेत, तिथे जा. चौथ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. लेखी अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना. लुटणाऱ्याने निदान चहा पिऊन दोन शब्द गोड बोलले. इथे बसा म्हणायलाही कोणी नाही.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही. बिल नाही, पण 11,500 आणि 7,800 यूपीआयने गेलेत, त्याची नोंद बँकेत आहे. रोखीचे 10,200 मात्र कुठेच नाहीत. म्हणून रोख देऊ नका.

त्याचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला चतुर्थीच्या शुभेच्छा होत्या आणि खाली, "ओबीएम (आउटबोर्ड मोटर) रिपेअर, काम गॅरंटीचे."