दाढीचा ट्रिमर : सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हात आठ महिने वापरल्यानंतर

यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आठवड्यात, जानेवारीच्या मध्यावर, नवी पेठेतल्या एका दुकानातून मी दाढीचा ट्रिमर घेतला. आता गणपती उठले आहेत. या आठ महिन्यांत दर रविवारी त्याने माझी दाढी झाली आहे आणि एप्रिलपासून माझ्या वडिलांचीही. पहिल्या पंधरा दिवसांत लिहायला बसलो असतो तर नुसते कौतुक लिहिले असते, आणि मार्चच्या अखेरीस लिहिले असते तर हे यंत्र घेऊ नका असे लिहून मोकळा झालो असतो. दोन्ही वेळा माझे म्हणणे चुकीचे ठरले असते, म्हणून इतके दिवस थांबलो.

यंत्र साधेच आहे. किंमत १,४५० रुपये. आत लिथियम-आयन बॅटरी, चार्जिंगला मोबाइलचीच वायर चालते, पाती पोलादी आहेत. पात्यांवर बसणारा एक मोठा गार्ड असून तो मुठीवरच्या चाकाने अर्ध्या मिलिमीटरपासून दहा मिलिमीटरपर्यंत मागेपुढे होतो. मिशांसाठी एक लहान गार्ड यंत्रासोबतच येतो. सोबतच्या पुस्तिकेत तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या : एका चार्जिंगमध्ये ९० मिनिटे चालेल, नळाखाली धुता येईल, आणि पात्यांना तेल द्यावे लागणार नाही. यांपैकी पहिली खरी निघाली, दुसरी खरी असूनही आमच्या गावात तिचा उपयोग नाही, आणि तिसरी मी मानत नाही. या लेखातला मुख्य भाग त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीविषयीच आहे.

मी दाढी सहा मिलिमीटर ठेवतो. दाढीचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठवड्याला अडीच-तीन मिलिमीटर. सहाची दाढी आठ दिवसांत नऊपर्यंत जाते आणि गळ्यावरचे खुंट त्याआधीच कॉलरला टोचू लागतात. दर आठवड्याला सलूनमध्ये जाऊन दाढी सेट करून घ्यायची तर रविवारची निम्मी सकाळ बाकावर बसण्यात जात असे. माझा शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे; एप्रिल ते जून आम्हाला मान वर करायला वेळ नसतो, आणि नेमकी त्याच दिवसांत दाढी हाताबाहेर जायची. केस कापायला मी आजही माझ्या नेहमीच्या सलूनमध्येच जातो. त्या हाताची सफाई घरी येणार नाही. पण आठवड्याची डागडुजी घरी होऊ शकते, आणि ती चांगली होऊ शकते.

दाढी कोरडी असतानाच कापावी, हे मला पहिल्या महिन्यात कळले. आंघोळीनंतर केस ओले असताना ते लांब आणि सरळ दिसतात. त्या अंदाजाने कापले की वाळल्यावर ते आखडतात आणि दाढी ठरवल्यापेक्षा आखूड झालेली असते. आता मी आंघोळीआधी खिडकीसमोर खुर्ची टाकून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसतो. न्हाणीघरातली ट्यूब डोक्यावरून प्रकाश टाकते आणि हनुवटीखाली सावली पडते, त्या सावलीत गळ्याची रेषा कधीच नीट दिसत नाही. आधी कंगव्याने केस वाढीच्या दिशेने बसवून घ्यायचे, चाक नऊवर ठेवून एकदा सगळीकडे फिरवायचे, मग साडेसातवर, मग सहावर. पहिल्याच फेरीला सहावर गेले की दाट जागी यंत्र अडखळते आणि तिथे खाच पडते.

गळ्याची रेषा हा सगळ्यात अवघड भाग. माझ्यासारखे नवखे लोक ती जबड्याच्या हाडावरच आखतात. समोरून ती छान दिसते, पण बोलताना किंवा मान खाली घालताना हनुवटीखालची मोकळी कातडी उघडी पडते आणि दाढी चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी वाटते. कंठमण्याच्या वर दोन बोटे ठेवावीत, त्या बोटांच्या वरच्या कडेपासून दोन्ही कानांच्या मागपर्यंत एक सैल कमान मनात धरावी आणि तिच्या खालचे सगळे काढावे. गळ्यावर केसांची दिशा एकसारखी नसते. माझ्या डाव्या बाजूला ते चक्क कानाकडे वळलेले आहेत. ती दिशा डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवले की कळते. गालावर मात्र मी रेषा आखतच नाही. तिथली नैसर्गिक कड तशीच ठेवून फक्त वर भटकलेले पाच-दहा केस टिपतो.

आता पाण्याविषयी. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे वापरायचे पाणी बहुतेक बोअरचे. सोलापुरात राहणाऱ्याला या पाण्याची ओळख करून द्यायला नको : बादलीच्या कडेला पांढरा थर, नळाच्या तोटीवर खडू जमल्यासारखी खपली, साबणाला फेस नाही. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि पाणी वाळले की ते मागे राहतात. मी पुस्तिकेवर विश्वास ठेवून दोन महिने दर रविवारी ट्रिमर नळाखाली धुतला, झटकला आणि कपाटात ठेवला. मार्चमध्ये तो केस कापण्याऐवजी ओढू लागला. वरच्या ओठापाशी एकदा असा हिसका बसला की डोळ्यांत पाणी आले. पात्यांचा भाग काढून उजेडात धरला, तेव्हा दोन पात्यांच्या मधल्या फटीत, दात्यांच्या मुळाशी, राखाडी-पांढरी पूड दिसली. नखाने खरवडली तर कपाळावरचा वाळलेला गंध निघावा तशी ती सुटली. पाते बोथट झाले नव्हते. एक पाते दुसऱ्यावर सरकायला जागाच उरली नव्हती.

ट्रिमरचे काम कात्रीसारखेच चालते. एक पाते स्थिर असते, दुसरे त्याच्यावर घासत वेगाने आडवे हलते आणि केस दोघांच्या दात्यांत सापडून कापला जातो. ही दोन पाती एकमेकांना घट्ट टेकलेली असली तरच काप स्वच्छ होतो, आणि घट्ट टेकलेल्या दोन पोलादांमध्ये वंगण नसेल तर ती तापणार, झिजणार. शिलाईयंत्रांच्या मध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावे लागत नाही. म्हणून ‘तेल लागत नाही’ हे वाक्य बाजूला ठेवून मी कारखान्यातली शिलाईयंत्राच्या तेलाची बाटली घरी आणली. कापसाच्या बोळ्याला किंचित व्हिनेगर लावून दात्यांवरची खपली पुसली, लगेच दुसऱ्या ओलसर बोळ्याने ते व्हिनेगरही पुसून काढले, पूर्ण कोरडे केले आणि दोन पाती भेटतात त्या कडेवर तेलाचा एक थेंब सोडून यंत्र दहा सेकंद चालू ठेवले. आवाजच बदलला. आधी चर्र असा कोरडा होता, तो भरीव आणि सलग झाला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. दाढी झाली की पात्यांचा भाग काढायचा, सोबत मिळालेल्या ब्रशने केस झटकायचे, दर दुसऱ्या रविवारी तेलाचा एक थेंब द्यायचा आणि जास्तीचे तेल कपड्याने अगदी नीट टिपून घ्यायचे, कारण ते त्वचेला लावायचे तेल नव्हे. पाणी अजिबात लावत नाही. खोबरेल तेल वापरू नये. ते चिकट होते, बारीक केस धरून ठेवते आणि थंडीत गोठते. या सहा महिन्यांत केस एकदाही ओढला गेलेला नाही.

एप्रिलमध्ये वडील घरात पाय घसरून पडले आणि त्यांचे सलूनला जाणे थांबले. अण्णांनी सगळे आयुष्य गिरणीत काढले. एक दिवसाआड वस्तऱ्याने गुळगुळीत दाढी आणि वर तुरटीचा खडा, हा त्यांचा नेम होता. पण आता त्यांना रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे, आणि तेव्हा ब्लेडचा एक साधा ओरखडा बराच वेळ दाबून धरला तरी थांबेना. ट्रिमर काढला तेव्हा ते म्हणाले, “अरे, पाणी लावल्याशिवाय कसली दाढी?” मी गार्ड काढून उघड्या पात्याने केली. वस्तऱ्याइतकी ती गुळगुळीत होत नाही, अर्धा मिलिमीटर खुंट राहतात आणि दुसऱ्या दिवशी हाताला लागतात, हे मान्यच केले पाहिजे. पण रक्त येत नाही. यात एक काळजी मात्र फार महत्त्वाची आहे. म्हाताऱ्या माणसाची गळ्याची कातडी सैल असते आणि ती पात्यांच्या दात्यांत सापडू शकते. मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी खाली ताणून धरतो, “अण्णा, मान जरा वर करा” म्हणतो आणि यंत्र पूर्ण आडवे, दाबाशिवाय, इंच-इंच सरकवतो. सगळ्याला वीस मिनिटे लागतात. आपल्या वडिलांचा चेहरा इतका जवळून मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. हनुवटीखाली डावीकडे त्यांना एक जुना व्रण आहे, तो गिरणीत माग तुटून लागल्याचा आहे हे मला यंदा कळले. दोघांसाठी एकच यंत्र असल्यामुळे मधे पात्यांचा भाग काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू देतो. एकाच्या त्वचेचा संसर्ग दुसऱ्याला जाण्याची वाट अशाच वस्तूंमधून असते.

आता यंत्राचा खरा दोष. जून महिन्यात, अक्कलकोटला नात्यातल्या लग्नाला निघायच्या सकाळी, उजव्या गालावरून यंत्र फिरवताना चाक सहावरून तीनवर सरकले आणि कानाखाली रुपयाएवढा खड्डा पडला. नाइलाजाने सगळी दाढी तीनवर आणून लग्नाला गेलो. नंतर पाहिले तर चाकाच्या खालच्या खाचांमध्ये बारीक केस दाबून बसले होते आणि चाक नीट अडकतच नव्हते. आता तिथेही ब्रश मारतो, आणि चालवताना चाकावर अंगठा ठेवतो. पण यंत्राने हे वापरणाऱ्याच्या अंगठ्यावर सोडायला नको होते. पुढच्याच महिन्यात मोठ्या गार्डचा कडेचा दात तुटला. दुकानात विचारले, कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. दोन्हीकडे उत्तर एकच : गार्ड सुटा मिळत नाही, नवीन यंत्र घ्या. चांगली चालणारी मोटर आणि धारदार पाती असलेले यंत्र एका प्लॅस्टिकच्या दातासाठी टाकून द्यायचे, हे मला मुळीच पटले नाही. तुटलेली कड पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली आणि त्याच गार्डवर काम चालले आहे. त्या बाजूने कानापाशी कापत नाही, एवढेच.

बॅटरीविषयी तक्रार नाही. दोघांचे मिळून आठवड्याला अर्धा तास धरला तर तीन आठवडे चार्जिंग पुरते, आणि आठ महिन्यांत त्यात जाणवण्यासारखी घट नाही. चार्जिंग किती उरले हे मात्र कळत नाही, थेट लाल दिवा लागतो. पुस्तिकेत ३५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये असे आहे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ ला जातो आणि सिमेंटच्या छताखालची खोली रात्री नऊपर्यंत तापलेली असते, त्यामुळे उन्हाळ्यात मी पहाटेच चार्जिंगला लावत असे. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही.

उन्हाळ्याच्या निमित्ताने दाढीच्या निगेविषयीही थोडे. मे महिन्यात घाम आणि धूळ यांनी दाढीखाली खाज सुटली आणि शर्टावर कोंडा दिसू लागला. मी आधी भरपूर तेल चोपडले, त्याने कोंडा वाढला. त्वचेच्या डॉक्टरांनी तेल बंद करून कीटोकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुवायला सांगितला. तीन आठवड्यांत फरक पडला. कोंड्यामागची बुरशी त्वचेच्या तेलकटपणावरच पोसते, हे त्यांनीच समजावले. शेवटचे पाणी मात्र मी नळ आला त्या दिवशी भरून ठेवलेले घेतो. बोअरच्या पाण्याने केस खरखरीत राहतात.

सलूनमध्ये दाढी सेट करायला मी ८० रुपये देत होतो. त्या हिशेबाने माझ्या एकट्याच्या दाढीतच यंत्राची किंमत मे महिन्यात वसूल झाली. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मोटरची ताकद आणि ९० मिनिटांचा आकडा मी शेवटी बघेन. आधी दुकानदाराला गार्ड आणि पाती सुटी मिळतात का ते विचारेन आणि ती दोन्ही काउंटरवर ठेवायला सांगेन. मग गार्ड बसवून, चाक सहावर ठेवून, गार्डचे टोक अंगठ्याने जोरात मागे दाबून बघेन. चाक जागचे हलले तर ते यंत्र तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जाईन.