मर्क्रूझरवाली जुनी बोट घेताय? मग वेट जॉइंट की ड्राय जॉइंट ते आधी बघा

अमेरिकेत सेकंडहँड पेट्रोल बोट शोधायला लागलं की इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत, पंखा तळाशी) असो नाहीतर स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचं युनिट मागे बाहेर), फिरून फिरून तीच जीएमच्या (जनरल मोटर्स) ब्लॉकवरची मर्क्रूझरसारख्या बोट-इंजिन ब्रँडची इंजिनं समोर येतात, ४.३ लिटर व्ही-६, ५.०, ५.७ लिटर व्ही-८. आणि जाहिरातीत कुठेतरी लिहिलेलं असतं "ड्राय जॉइंटला कन्व्हर्ट केलंय", त्याचे विकणारा जास्तीचे पैसे मागतो. ते द्यावेत का हा खरा प्रश्न.

आधी वेट आणि ड्राय यातला फरक कळला पाहिजे, दोन्ही एक्झॉस्टच्या जोडाचे प्रकार. इंजिनाच्या बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलेंडरमधला धूर गोळा करणारा भाग), त्यावर बोल्टने बसवलेला एल्बो (काही जण रायझर म्हणतात). दोन्ही बिडाचे आणि दोन्हींना पाण्याचं जॅकेट, म्हणजे मधून जळता धूर आणि भोवतीने थंड पाणी. वेट जॉइंटमध्ये धुराचं भोक आणि पाण्याची भोकं एकाच गॅस्केटवर (जोडात बसवलेली सील) शेजारी शेजारी असतात, मधे फक्त बिडाची एक अरुंद पट्टी. खाऱ्या पाण्यात ती पट्टी गंजून खाल्ली गेली की पाणी सरळ धुराच्या वाटेत उतरतं, तिथून उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलेंडरमध्ये. पाणी काही दाबलं जात नाही, त्यामुळे सकाळी चावी फिरवली की स्टार्टर टक करून थांबतो, आणि नशीब वाईट असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. वाईट हे की बाहेरून काहीच दिसत नाही, बिल्ज (बोटीचा तळ) कोरडी, इंजिन कालपर्यंत मस्त चालत होतं.

ड्राय जॉइंटमध्ये धुराच्या भोकाला स्वतःची वेगळी कडी दिलीय, मग हवेला उघडी मोकळी जागा, आणि पाण्याची भोकं लांब कोपऱ्यात. म्हणजे तिथलं गॅस्केट गेलंच तर पाणी बाहेर ठिबकतं, तुम्हाला दिसतं, इंजिन वाचतं. मर्क्रूझरने हे साधारण २००२-०३ पासून आणलं, पुढे व्होल्वो पेन्टा या दुसऱ्या बोट-इंजिन कंपनीकडेही आलं.

आता लोकांचा घोळ इथेच होतो. ड्राय जॉइंट म्हणजे गंजत नाही असं अजिबात नाही! बीड तेच, खारं पाणी तेच, एल्बोच्या आतली भिंत गंजून भोक पडलं तर पाणी आत जातंच, जॉइंट कितीही कोरडा असू दे. फक्त सगळ्यात कमजोर जागा धोक्यातून बाहेर काढलीय, त्यामुळे आयुष्य वाढतं एवढंच. खाऱ्या पाण्यात वेट जॉइंटचा सेट लोक साधारण ३ ते ५ वर्षांत बदलतात, ड्राय त्याहून काही वर्षं जास्त चालतो, आणि दर वेळी गोड्या पाण्याने फ्लश करता की नाही यावर सगळं फिरतं.

म्हणून मी तरी आधी पाणी विचारतो, मग जॉइंट. बोट मिशिगन-मिनेसोटाच्या तळ्यांतली असेल आणि तिथेच राहणार असेल तर वेट जॉइंट कितीतरी वर्षं आरामात जातो, चांगला चालणारा सेट उगाच काढून हजार डॉलरच्या पुढे खर्च करण्यात अर्थ नाही. तिथे खरी भीती थंडीची, मॅनिफोल्डमधलं पाणी नीट काढलं नाही तर गोठून बीड तडकतं, त्यात ड्राय-वेट दोघंही सारखेच. फ्लोरिडा, टेक्सासचा किनारा असेल आणि जुना सेट तसाही बदलायच्या वयाला आला असेल तर मात्र ड्राय घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात.

पण एक, वेटचा मॅनिफोल्ड आणि ड्रायचा एल्बो असं मिक्स चालत नाही, दोन्ही बाजूंचा पूर्ण सेट लागतो. एल्बोची उंची आणि कोन बदलतो, म्हणून एक्झॉस्ट होज जुळते का, इंजिन कव्हर बंद होतं का हे ऑर्डर करायच्या आधी मोजा.

क्लोज्ड कूलिंग (इंजिनात समुद्राच्या पाण्याऐवजी कूलंट फिरतं) आहे म्हणून निश्चिंत राहू नका, हाफ सिस्टीममध्ये मॅनिफोल्डला समुद्राचंच पाणी जातं, फुल सिस्टीममध्ये मॅनिफोल्डची खाऱ्या पाण्यातून सुटका झाली तरी एल्बोला तेच पाणी, कारण शेवटी ते धुरातच मिसळून बाहेर टाकायचं असतं.

बघायला जाल तेव्हा जोडावर गंजाचे ओघळ आहेत का बघा, सगळे स्पार्क प्लग काढून त्यावर गंज किंवा ओल आहे का तपासा. आणि "कन्व्हर्ट केलंय" असं म्हणणाऱ्याकडे कधी केलं त्याची पावती मागा, कारण आठ वर्षं समुद्रात राहिलेल्या ड्राय जॉइंटपेक्षा गेल्या वर्षी बसवलेला वेट जॉइंट मला केव्हाही चालेल. पावती नाही आणि एल्बो काढून दाखवायची तयारीही नाही, तर नव्या सेटचे पैसे सरळ किमतीतून वजा करून मगच ऑफर द्या.