सिव्हिल लाइन्समधलं एक वकिली ऑफिस: एक स्टार, तोही कूलरसाठी

नाव लिहीत नाही, वाद नको. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापासून पायी पाच मिनिटं, अरुंद जिन्याने वर. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, कोर्टाचं ओ की ठो कळत नाही. लहान भावाला सेशन कोर्टाने सात वर्षं सुनावली, तो सेंट्रल जेलात. वकीलसाहेब म्हणाले, "अपील रांगेत पडून राहते भाऊ. आपण हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला सोडवायचा हायकोर्टातला अर्ज, टाकू. पंधरा दिवसांत पोरगा घरी." पंचवीस हजार रोख घेतले. पावती मागितली तर हसले.

अर्ज इंग्रजीत. बी.कॉम.ला असलेल्या पुतणीने चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवलं, "मोठेबाबा, इथे तर तुमची मुलगी बेपत्ता आहे म्हणून लिहिलंय." मला दोन्ही पोरंच! दुसऱ्या कोणाच्या अर्जावरून जसाच्या तसा उतरवलेला. साहेब म्हणे टायपिंगची चूक.

तारखेला जजसाहेबांनी एवढंच विचारलं, शिक्षा कोर्टाने दिली ना? मग अपील करा. अर्ज मागे घ्यावा लागला, दोन मिनिटांत खेळ आटोपला. माणूस बेकायदा डांबला असेल तर हेबियस. अधिकार असलेल्या कोर्टाने शिक्षा दिली, तर निकाल चुकला म्हणून त्या वाटेने सुटका नाही. सुप्रीम कोर्टाने हे १९५१ सालीच जनार्दन रेड्डी प्रकरणात सांगितलंय. त्या कोर्टाला अधिकारच नव्हता असं दिसलं, तर गोष्ट वेगळी. इकडे हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवस, आणि आमचे ७१ उलटले होते.

साहेब अमेरिकेचे दाखले द्यायचे. तिथे राज्याच्या कोर्टाने दिलेल्या शिक्षेला फेडरल कोर्टात हेबियसने आव्हान देता येतं हे खरं, पण १९९६ च्या कायद्याने त्यालाही साधारण एका वर्षाची मुदत घातली. आणि हे नागपूर आहे बाप्पा, तिथला कायदा इथे काहून चालेल?

शेवटी विधी सेवावाल्यांकडे गेलो. १९८७ च्या कायद्याने जेलातल्या माणसाला कमाई न विचारता फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोन लावा. पॅनेलवरच्या मॅडमनी कागद पाहताच विचारलं, "हेबियस कोणी सुचवलं?" मी खाली पाहिलं. वकालतनाम्यावर भावाची सही जेलातून आली, खाली जांभळा शिक्का, जरा पसरलेला. सही मात्र त्याचीच, शेवटच्या अक्षराला शेपटी काढायची सवय गेली नाही. अपील, उशीर माफीचा अर्ज, शिक्षा स्थगितीचा अर्ज, तिन्ही एकदमच टाकले. उशीर माफ झाला. स्थगितीवर पुढची तारीख आहे. मॅडमना पाच स्टार.

जुन्या ऑफिसात फाईल आणायला गेलो. पैशाचा विषय काढला, तर साहेब कोर्टात गेलेले. मुन्शीने फाईल देण्याआधी झेरॉक्सचे १८० रुपये मागितले.